आशेकडून श्रद्धेकडे : पंडिता रमाबाईंच्या पहिल्या परदेशप्रवासाच्या लेखनाचा चिकित्सक विचार

सारांश

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती भगिनीसंघाच्या आश्रयाने इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी लेखनात या प्रवासाचे वाचन बहुधा धर्मांतराच्या घटनेपासून मागे जात झाले आहे. त्यामुळे प्रवासातील अनुभवाचा क्रम हरवतो. प्रस्तुत लेखात 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३), इंग्लंडमधील पत्रव्यवहार, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) आणि १९०७ मधील आत्मनिवेदन यांचा एकत्रित विचार केला आहे. या प्रवासात आशा आधी जागी झाली, श्रद्धा तिच्या मागून आली आणि ही श्रद्धा आरंभापासूनच वाद घालणारी होती, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवासवर्णन, मिशन, धर्मांतर, साक्ष, स्त्रीलेखन, समुद्रयान.

१. प्रस्तावना

देवगड तालुक्यातील मिठबाव, त्याला लागून असलेले तांबळडेग आणि तेथून मालवणपर्यंतचा किनारा हा गाबित समाजाच्या वस्तीचा किनारा आहे. येथील कुटुंबांना समुद्र म्हणजे रोजची शेती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करायचा आणि पुन्हा पाण्यात उतरायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. समुद्रावर जाणे हे पातक आहे असे या समाजाला कधी वाटले नाही. मात्र याच कोकणाशी नाते सांगणाऱ्या ब्राह्मण कुळांना समुद्रयान निषिद्ध होते. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना पतित करणाऱ्या कर्मांत केली आणि पुढे कलिवर्ज्य प्रकरणात हा निषेध अधिक दृढ झाला. समुद्र एकच असला तरी त्याचा सामाजिक अर्थ जातीगणिक वेगळा होता.

रमाबाईंच्या प्रवासाचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्यांचे डोंगरे घराणे चित्पावन. वडील अनंतशास्त्री यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, त्यासाठी स्वजनांचा रोष पत्करला आणि पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा व पुराणकथन करीत देशभर हिंडले. १८५८ मध्ये गंगामूळ येथे जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण असे सततच्या प्रवासात गेले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण यांचा मृत्यू झाला. त्यानंतर भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील पंडितांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. प्रवास त्यांना नवा नव्हता, समुद्र नवा होता. ख्रिस्ती धर्माचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच बोटीवर पाऊल ठेवणे हे त्यांच्या समाजाच्या दृष्टीने सीमोल्लंघन होते.

२. मिशनची वाट आणि उलटी दिशा

मिशनची यात्रा म्हटली की पश्चिमेकडून पूर्वेकडे येणारा धर्मोपदेशक डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्राचा अनुभवही तसाच आहे. अमेरिकन बोर्डाने समुद्रापार पाठविलेल्या पहिल्या तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. पुढील दशकात स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक बाणकोट व हर्णै येथे आले. यांपैकी अनेकांचा हा पहिलाच परदेशप्रवास होता आणि काहींचा शेवटचाही ठरला. हॉल यांचा १८२६ मध्ये पटकीने अंत झाला. या साऱ्या यात्रांत श्रद्धा निघतानाच सोबत घेतलेली असे. दूरदेशी तिची कसोटी लागे, परंतु तिचा उगम घरी झालेला असे.

रमाबाईंच्या प्रवासाची दिशा याच्या उलट आहे. त्या उपदेश करण्यासाठी निघाल्या नव्हत्या किंवा उपदेश घेण्यासाठीही निघाल्या नव्हत्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत वैधव्य आले, तेव्हा पदरी लहान मनोरमा होती. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाचे कार्य, 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाचे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढील साक्ष या तीन गोष्टी घडल्या. स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर हवेत हे आयोगापुढे मांडणाऱ्या रमाबाईंना स्वतः वैद्यकशास्त्र शिकावयाचे होते.

वाँटेज येथील कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या भगिनी १८७७ पासून पुण्यात काम करीत होत्या. त्यांच्याशी जी व्यवस्था ठरली ती लक्षणीय आहे. हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि त्याच्या मोबदल्यात त्यांची राहण्याची व शिक्षणाची सोय व्हावी, असे ठरले. प्रवासखर्च त्यांनी 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून उभा केला. आश्रय घेताना तो दान म्हणून न घेता विनिमय म्हणून घ्यायचा, ही भूमिका पहिल्या पावलापासून दिसते. पुढील सर्व वादांचे मूळ या भूमिकेत आहे. दान घेणाऱ्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा असते, विनिमय करणाऱ्याकडे मात्र नकाराचा अधिकार उरतो.

३. 'इंग्लंडचा प्रवास' : पत्राचे रूप आणि त्याचा वाचक

एप्रिल १८८३ मध्ये दोन वर्षांची मनोरमा आणि सहकारी आनंदीबाई भगत यांच्यासह रमाबाई मुंबईहून निघाल्या. या प्रवासाचे वृत्त त्यांनी प्रार्थनासमाजाचे सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रातून कळविले आणि ते 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

या लेखनाचा वाङ्मयप्रकार पत्राचा असल्याने त्याचा पहिला वाचक निश्चित आहे. केळकर एकेश्वरवादी आणि सुधारणावादी गोटातील. त्यांच्यामागे मात्र एक दुसरा, अनुच्चारित वाचकवर्ग उभा आहे. एका विधवेने, तान्ह्या मुलीला घेऊन, मिशनऱ्यांच्या आधाराने विलायतेस जावे याविषयी ज्यांच्या मनात शंका होती तो हा वर्ग. त्यामुळे प्रवासाची हकिकत सांगणे आणि प्रवासाचे समर्थन करणे ही दोन कामे या पत्राला एकाच वेळी करावी लागतात. जाण्याची कारणे, बोटीवरील दिवस, मार्गातील स्थळे आणि नव्या देशाचे पहिले दर्शन यांच्या वर्णनात ईश्वरावरील भरवशाचा सूर मिसळलेला आहे. हा भरवसा एका निराकार ईश्वरावरचा आहे. शास्त्रग्रंथांवरील विश्वास ओसरल्यानंतर आणि ख्रिस्ती सिद्धांतांचा स्वीकार करण्यापूर्वी रमाबाई ज्या ईश्वरनिष्ठ भूमिकेवर उभ्या होत्या, तिचीच ही भाषा आहे.

येथे आशा आहे, परंतु ती पारमार्थिक तारणाची नाही. विद्या संपादन करावी, परत यावे आणि देशभगिनींच्या उपयोगी पडावे, अशी ती व्यवहारातील आशा आहे. प्रवासाचे गंतव्य इंग्लंड असले तरी पत्राची नजर परतीच्या वाटेवर खिळलेली आहे. धर्मांतराची पूर्वचिन्हे शोधण्यासाठी हे पत्र वाचणाऱ्याला त्यात फारसे काही सापडणार नाही आणि हेच त्याचे साक्षमूल्य आहे. पुढे काय होणार हे ठाऊक नसलेल्या प्रवाशाचे हे लेखन असल्याने पश्चात्‌बुद्धीने केलेली रचना त्यात नाही.

४. फुलहॅम : आशेचा नवा आधार

इंग्लंडमधील पहिले महिने कठीण होते. श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला, म्हणजे ज्या आशेवर समुद्र ओलांडला तीच कोसळली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत, एकमेव सहप्रवासिनीचा असा अंत झाल्यावर रमाबाईंच्या मनाची अवस्था काय झाली असेल याचा अंदाज करता येतो. तथापि या मृत्यूला धर्मांतराचे थेट कारण ठरविणारे विवेचन सावधपणे स्वीकारले पाहिजे. दोन घटना पाठोपाठ घडल्या म्हणून त्यांत कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

रमाबाईंनी स्वतः ज्या अनुभवाला निर्णायक म्हटले तो फुलहॅमचा आहे. लंडनच्या या भागात भगिनीसंघातर्फे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालविले जात असे. तेथे त्यांनी पाहिले की, ज्यांना सन्मान्य समाज शिवतही नाही अशा स्त्रिया माणूस म्हणून उभ्या राहत आहेत, इतकेच नव्हे तर पूर्वी पतित समजल्या गेलेल्या स्त्रिया इतरांची शुश्रूषा करीत आहेत. धर्मशास्त्रांत अशा स्त्रीला दंड आहे, पुनर्वसन नाही, हे शास्त्र जाणणाऱ्या रमाबाईंना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. हे लोक या स्त्रियांची काळजी का घेतात, असा प्रश्न त्यांनी केला. त्याच्या उत्तरादाखल एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली.

या प्रसंगातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी कार्य दिसले, मग त्याचे कारण विचारले आणि कारणाच्या शोधात ग्रंथ उघडला. सामान्यतः मिशनच्या कल्पनेत वचन आधी येते आणि कृती त्याचे फलित म्हणून येते. येथे कृतीने वचनाची वाट दाखविली. पतित मानलेली स्त्री उठून उभी राहू शकते ही प्रथम आशा आणि ती शक्य करणारी शक्ती कोणती याचा शोध म्हणजे श्रद्धा, असा हा संबंध आहे. वैद्यकशास्त्राच्या रूपाने गमावलेली आशा फुलहॅममध्ये वेगळ्या रूपाने परत मिळाली, कारण हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी काही करता येईल हा तिचा गाभा तोच राहिला.

बौद्धिक बाजू नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्या युक्तिवादाने भरून निघाली. स्वतः शास्त्रपारंगत असून ख्रिस्ती झालेल्या गोऱ्ह्यांचे लेखन रमाबाईंना त्यांच्याच परिभाषेत उत्तर देणारे होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

५. श्रद्धा आणि तिचा वाद

धर्मांतरकथांचा शेवट सामान्यतः बाप्तिस्म्याशी होतो. रमाबाईंच्या बाबतीत खरा संवाद त्यानंतर सुरू होतो. १८८४ पासून त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात होत्या. त्या काळात सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळे अभ्यासकांना उपलब्ध झाला.

या पत्रांतील विषय दुहेरी आहेत. काही सिद्धांताचे आहेत, उदाहरणार्थ त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि चर्चच्या मतांगिकारांचे बंधन. काही अगदी घरगुती वाटणारे आहेत, उदाहरणार्थ शाकाहाराचा आग्रह किंवा क्रुसावरील अक्षरे. लॅटिन अक्षरे असलेला क्रूस धारण करण्यास रमाबाईंनी आक्षेप घेतला आणि संस्कृत शब्द असावेत असे सुचविले. आपल्याला व आपल्या देशभगिनींना जी भाषा येत नाही ती पवित्र मानून का मिरवायची, असा त्यामागील विचार होता. गूढ भाषेच्या आडून चालणारे पौरोहित्य त्यांनी मायदेशी पाहिले होते. १८८५ मधील एका पत्रात, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतेच सुटल्यावर दुसरे तसलेच जोखड मानेवर घेण्यास आपण राजी नाही, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयी हिंदुस्थानातील चर्चच्या अधिकाऱ्यांनी प्रतिकूल मत दिले, तेव्हा कलकत्त्यात भरसभेत बोललेल्या या विदुषीला त्यातील विसंगती स्पष्ट दिसली.

येथे एका प्रतिवादाचा विचार करणे आवश्यक आहे. रमाबाई अन्न, निवारा आणि शिक्षण यांसाठी भगिनीसंघावर अवलंबून होत्या, म्हणून त्यांची श्रद्धा परिस्थितीच्या दडपणातून आलेली होती, असे म्हटले जाऊ शकते. अवलंबन खरे होते हे नाकारता येत नाही. परंतु दडपणातून आलेली श्रद्धा आश्रयदात्यांशी अशा रीतीने भांडत नाही. ज्यांच्या घरात राहायचे त्यांच्याच सिद्धांतांना आव्हान देण्यात व्यवहाराचा कोणताही लाभ नव्हता. हा पत्रव्यवहार जुळवून सांभाळला तो प्रामुख्याने सिस्टर जेराल्डिन यांनी, म्हणजे वादातील दुसऱ्या पक्षाने. म्हणून या पत्रांचे वाचन करताना संकलकाची दृष्टीही लक्षात घ्यावी लागते. तसे करूनही रमाबाईंचा आवाज त्यात ठळकपणे ऐकू येतो.

गौरी विश्वनाथन यांनी 'आउटसाइड द फोल्ड' (१९९८) या ग्रंथात रमाबाईंच्या धर्मांतराचे वाचन प्रस्थापित सत्तांशी घेतलेल्या मतभेदाच्या अंगाने केले आहे. राम बापट यांनीही श्रद्धा आणि विवेक यांच्या संदर्भात रमाबाईंचा विचार केला आहे. या मांडण्यांचा आधार घेत असे म्हणता येईल की, रमाबाईंनी धर्म बदलला पण प्रश्न विचारण्याची सवय बदलली नाही.

६. एकाच महिन्यातील दोन प्रवास

रमाबाई ज्या एप्रिल महिन्यात मुंबईहून निघाल्या त्याच महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. दोघी दूरच्या नात्यातील. आनंदीबाईंचाही हा पहिलाच परदेशप्रवास होता आणि त्यांच्या सोबतीसही मिशनरी स्त्रिया होत्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत, हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धार त्यांनी जाहीर केला होता आणि तो पाळला.

या दोन प्रवासांची तुलना मराठीत अनेकदा निष्ठा आणि च्युती अशा कोटीत केली गेली. ती अपुरी आहे. आनंदीबाईंच्या आशेला सुरुवातीपासून निश्चित संस्थात्मक रूप होते, ते म्हणजे वैद्यकीय पदवी. ती आशा ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात फळाला आली. रमाबाईंची तशीच आशा इंग्लंडमध्ये पहिल्याच टप्प्यावर खुंटली आणि त्यांना ती नव्याने शोधावी लागली. शिवाय आनंदीबाईंच्या मागे पती आणि कुटुंब होते, रमाबाईंच्या मागे परत जाण्यासाठी घर उरले नव्हते. दोघींनी मिशनचे साह्य घेतले आणि दोघींनी आपला निर्णय स्वतः केला. एकीने स्वीकारले व दुसरीने नाकारले म्हणून एकीचे स्वातंत्र्य खरे आणि दुसरीचे खोटे ठरत नाही. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी रमाबाई अटलांटिक ओलांडून गेल्या, ही घटना या दोघींना परस्परविरोधी प्रतीके करणाऱ्या समीक्षेला पुरेसे उत्तर आहे.

७. श्रद्धेचे सामाजिक रूपांतर

अमेरिकेतील वास्तव्याचे फलित म्हणजे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. हे पुस्तक लिहिणारी व्यक्ती ख्रिस्ती आहे, परंतु पुस्तक धर्मोपदेश करीत नाही. शासनपद्धती, शिक्षण, घरसंसार, धर्मपंथ व धर्मादाय संस्था, उद्योगधंदे यांचे वर्णन करता करता ते स्त्रियांच्या स्थितीवरील विस्तृत विवेचनाकडे येते. अमेरिकेतील स्त्रियांच्या संघटनांनी रमाबाईंना विशेष प्रभावित केले. मूळ रहिवाशांशी व काळ्या लोकांशी झालेल्या अन्यायाची नोंदही त्या घेतात, म्हणजे ख्रिस्ती राष्ट्र म्हणून सर्व दोष माफ करीत नाहीत. फुलहॅममध्ये जी आशा एका आश्रयगृहापुरती दिसली होती ती येथे संघटना, निधी आणि नियम यांच्या रूपाने व्यापक झाली.

१८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. विधवांच्या शिक्षणाची ही संस्था कोणत्याही पंथाच्या प्रचारासाठी नसेल, असे आरंभीचे धोरण होते. ते धोरण आणि संचालिकेची व्यक्तिगत श्रद्धा यांतील ताण फार काळ झाकून राहणे शक्य नव्हते. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडत असल्याच्या वादातून रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. याच सुमाराच्या पुण्यात मिशनच्या घरी घेतलेला चहासुद्धा प्रायश्चित्ताचा विषय झाला होता. १८९० मधील पंचहौद मिशनच्या प्रकरणाने ते दाखवून दिले. अशा समाजात रमाबाईंच्या प्रार्थनेचे दार उघडे आहे की बंद, हाही सार्वजनिक प्रश्न बनला. आपल्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घेणे रमाबाईंना मान्य नव्हते आणि उघड्या दारातून येणाऱ्या मुलींना अडविणेही मान्य नव्हते. सुधारकांची अडचणही पूर्णतः निराधार नव्हती, कारण पालकांना दिलेल्या आश्वासनाचे उत्तरदायित्व त्यांच्यावरही होते. या वादात एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अंतःकरण होते, हे मान्य केल्यास दोन्ही पक्षांना न्याय देता येतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणून त्यांना केडगाव येथे आश्रय देण्यात आला आणि मुक्ती सदन उभे राहिले. दुष्काळात आईवडील गमावलेल्या स्त्रीने दुष्काळग्रस्त मुलींसाठी उभारलेल्या या कार्यातही फुलहॅमचाच क्रम दिसतो : प्रथम जीव वाचविणे, नंतर हाताला काम देणे. वचन त्यांच्या सोबतीला होते.

८. चोवीस वर्षांनंतरची साक्ष

रमाबाईंचे इंग्रजी आत्मनिवेदन १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. फुलहॅमचा प्रसंग आपल्याला विस्ताराने कळतो तो मुख्यतः याच लेखनातून. म्हणून समीक्षकाने येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. साक्ष हा ख्रिस्ती परंपरेतील निश्चित घाट असलेला प्रकार आहे. अंधार, शोध, दर्शन आणि शांती असे त्याचे टप्पे ठरलेले असतात. १८८३ मधील अनुभव १९०७ मध्ये लिहिताना तो या घाटात बसविला जाणे स्वाभाविक होते. शिवाय मधल्या काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना अधिक सखोल धर्मानुभव आला होता. इंग्लंडमध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु स्वतः ख्रिस्त तेव्हा मिळाला नव्हता, असा भेद त्यांनी या निवेदनात केला आहे.

हा भेद प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पहिल्या प्रवासात मिळालेली श्रद्धा अपूर्ण होती, अशी कबुली रमाबाईच देतात. साक्षीचा ठरीव घाट स्वीकारूनही त्या १८८३ च्या बाप्तिस्म्याला अंतिम क्षण मानत नाहीत. म्हणजे धर्मांतराला चमत्कार समजणारे भक्त आणि त्याला फसवणूक समजणारे टीकाकार हे दोघेही ज्या एका दिवसावर भर देतात, तो दिवस स्वतः रमाबाईंच्या लेखी दीर्घ प्रवासातील एक मुक्काम होता. १८८३ चे मराठी पत्र, १८८४ नंतरची इंग्रजी पत्रे आणि १९०७ ची साक्ष एकापुढे एक ठेवली की त्यांतील सूर बदलत जातो : पत्रात भरवसा, पत्रव्यवहारात तर्क आणि साक्षीत समर्पण. यांपैकी कोणत्याही एकालाच खऱ्या रमाबाई मानणे म्हणजे उरलेल्या दोघींना गप्प करणे होय.

९. मराठी समीक्षेची भूमिका

समकालीनांपैकी जोतीराव फुले यांनी 'सत्सार' (१८८५) मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. ज्या शास्त्रांनी स्त्रीला हीन लेखले ती शास्त्रे वाचूनच एका विदुषीने ती सोडली, या गोष्टीचे महत्त्व त्यांनी ओळखले. पुढे देवदत्त नारायण टिळक यांनी 'महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई' (१९६०) हे चरित्र लिहिले. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांच्या संशोधनाने रमाबाई अभ्यासविश्वाच्या मध्यभागी आल्या. तथापि या पुनर्विचाराचा मोठा भाग इंग्रजीत झाला आणि तो प्रामुख्याने सामाजिक इतिहासाच्या अंगाने झाला.

मराठी वाङ्मयेतिहासात प्रवासवर्णनाचा विचार करताना गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ला योग्य ते स्थान मिळाले. ते पुस्तक छापून आले १९०७ मध्ये. 'इंग्लंडचा प्रवास' त्यापूर्वी चोवीस वर्षे छापला गेला होता, परंतु शतकभराने, १९८८ मध्ये, तो पुन्हा प्रकाशित होईपर्यंत सामान्य वाचकास तो दुर्मीळ होता. याचे कारण वाङ्मयीन गुणवत्तेत शोधण्यापेक्षा लेखिकेच्या धर्मात शोधावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे मराठी वाचकांनी मनःपूर्वक स्वागत केले, म्हणजे ख्रिस्ती लेखिकेला मराठीने सरसकट नाकारले असे म्हणता येत नाही. मात्र 'स्मृतिचित्रे'तील विनोद आणि संसार यांमुळे धर्मांतराची धार सुसह्य होते. रमाबाईंच्या लेखनात ती सवलत नाही. त्या वाचकाकडे सहानुभूती न मागता विचार मागतात.

मालवण-देवगड किनाऱ्यावरील वाचकाला या विषयाकडे पाहण्याचा आणखी एक कोन उपलब्ध आहे. या जिल्ह्यात गोव्याच्या मार्गाने आलेली कॅथलिक वस्ती जुनी आहे आणि वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने चालविलेल्या रुग्णालयाची स्मृती आहे. येथील ख्रिस्ती कुटुंबांची श्रद्धा वारशाने आलेली आहे, समुद्र ओलांडून मिळविलेली नाही. रुग्णालयात उपचार घेणाऱ्या बहुसंख्य लोकांनी मिशनचे कार्य अनुभवले आणि धर्म आपलाच ठेवला. कार्यापासून आशेपर्यंत पोहोचणारे अनेक असतात, आशेपासून श्रद्धेपर्यंत जाणारे थोडे. रमाबाई त्या थोड्यांपैकी होत्या आणि त्यांचे लेखन वाचण्यासाठी वाचकाने तितके अंतर चालण्याची अट नाही. मिठबावच्या होडीवाल्याला आणि शास्त्री घराण्यातील विधवेला समुद्राचे दोन वेगळे अर्थ ठाऊक होते, तसेच मिशनचेही अर्थ वाचकागणिक वेगळे असणार. समीक्षेने त्यांतील एकच अर्थ निवडून निकाल देण्याऐवजी लेखनात तो अर्थ कसा घडला हे दाखविणे अधिक उचित होय.

१०. निष्कर्ष

१. रमाबाईंच्या पहिल्या परदेशप्रवासात श्रद्धेपूर्वी आशेचा अनुभव येतो. ही आशा स्त्रियांच्या उद्धाराची असून ती सिद्धांतातून न येता प्रत्यक्ष कार्याच्या दर्शनातून आलेली आहे.

२. 'इंग्लंडचा प्रवास' हे धर्मांतराची प्रस्तावना म्हणून वाचणे अयोग्य आहे. पुढील घटनांची जाणीव नसलेल्या प्रवासिनीचे लेखन म्हणून त्याला स्वतंत्र मूल्य आहे.

३. बाप्तिस्म्यानंतरचा पत्रव्यवहार ही श्रद्धा परावलंबी नव्हती याचा पुरावा होय. आश्रयाला विनिमयाचे रूप दिल्यामुळे मतभेदाचे स्वातंत्र्य रमाबाईंनी राखले.

४. १९०७ ची साक्ष हा महत्त्वाचा पण उत्तरकालीन दस्तऐवज आहे. १८८३ च्या अनुभवाचा विचार करताना तिच्या वाङ्मयप्रकाराची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे.

५. रमाबाईंच्या प्रवासलेखनाला मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात, पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत, लेखिकेच्या धर्माचा निकाल न लावता स्थान मिळणे आवश्यक आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतलेल्या या लेखिकेने आपली श्रद्धा अखेर आपल्या लोकांच्या बोलीत उतरविण्याचा ध्यास घेतला होता. लॅटिन अक्षरांना नकार देणाऱ्या १८८० च्या दशकातील रमाबाईंशी हा ध्यास सुसंगत आहे आणि मराठी समीक्षेने त्यांना मराठी लेखिका म्हणून वाचावे यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.